हयात गाणाऱ्यांचं नियतकालिक

आपल्याकडे गाणाऱ्या माणसाविषयी लिहिण्याचे दोनच मुहूर्त असतात. एक सत्काराचा, दुसरा श्रद्धांजलीचा. दोन्ही प्रसंगी विशेषणं बहुधा तीच असतात, फक्त क्रियापदाचा काळ बदलतो. आवाज 'दैवी' असतो, साधना 'खडतर' असते आणि मैफल हमखास 'अविस्मरणीय' असते. पण त्या माणसाला पहिल्या मैफलीची बिदागी किती मिळाली, रात्री दोनला गाणं संपल्यावर तो घरी कसा गेला, पेटीवाल्याच्या हातावर काय पडलं, हे काही लेख वाचून कळत नाही. मंडळांच्या स्मरणिका मी वर्षानुवर्षं आवडीनं वाचत आलो आहे. त्यात गाण्यावरचा लेख मी आधी उघडतो, आणि बहुतेक वेळा पंचपक्वान्नांचं वर्णन ऐकून उपाशी उठल्यासारखं होतं.

ही तक्रार जुनीच आहे. पण तिला धार आली ती 'लिव्हिंग ब्लूज' या अमेरिकन नियतकालिकाचे अंक वाचायला लागल्यापासून. १९७० साली शिकागोत सुरू झालेलं हे नियतकालिक कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज संगीताला वाहिलेलं आहे. आज ते मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावाहून दर दोन महिन्यांनी निघतं. गाण्यावर लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं एक उत्तर त्यात मिळतं. ते उत्तर निर्दोष नाही. त्यातल्या उणिवांविषयीही मी पुढे लिहिणार आहे.

ज्यांचा ब्लूजशी फारसा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. गुलामगिरी कायद्यानं संपल्यानंतरच्या पिढ्यांनी दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांत, लाकूडतोडीच्या छावण्यांत आणि शनिवार रात्रीच्या गुत्त्यांत हे गाणं घडवलं. त्याचं नेहमीचं आवर्तन बारा 'बार'चं. प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे आपल्या हिशेबानं अठ्ठेचाळीस मात्रा. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. आपल्या कानाला एक गोष्ट चटकन जाणवते ती गंधाराची. तो धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. दोहोंच्या मध्ये कुठेतरी रेंगाळतो. पियानोच्या पट्ट्यांत तो सापडत नाही. तो गळ्यातून काढावा लागतो, नाहीतर गिटारची तार बोटानं ओढून. श्रुतींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

हे गाणं शिकागोला आलं ते माणसांबरोबर. दोन महायुद्धांच्या आगेमागे लाखो कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेच्या औद्योगिक शहरांत आले. मडी वॉटर्स हा त्यांतला एक. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वतीनं अ‍ॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी त्याचं गाणं तिथेच मुद्रित केलं. १९४३ साली मजुरीत थोडी वाढ मागितली, ती मिळाली नाही, म्हणून तो शिकागोची गाडी धरून निघून आला आणि कागदाच्या कारखान्यात लागला. शहरातल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा त्यानं विजेवरची गिटार हाती घेतली. कोकणातून गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांची नमनं आणि भजनं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना गावाकडचं गाणं शहरात कसं बदलतं हे माहीत आहे.

आता १९७० सालाकडे येऊ. या संगीताच्या आधारावर तोवर मोठा बाजार उभा राहिला होता. 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रज वाद्यवृंदानं आपलं नाव मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलं. १९६४ साली ही मुलं शिकागोच्या चेस कंपनीच्या स्टुडिओत येऊन, आपल्या दैवतांच्या जागी उभं राहून गाणी मुद्रित करून गेली. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' हे नियतकालिक निघालं आणि पाहता पाहता मोठं झालं. इकडे ज्यांचं गाणं होतं ती माणसं मात्र भराभर जात होती. लिटल वॉल्टर १९६८ साली गेला. मॅजिक सॅम १९६९ च्या डिसेंबरात गेला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. मडी वॉटर्सचा पियानोवादक ओटिस स्पॅन १९७० च्या एप्रिलात गेला. अशा वेळी शिकागोतली काही तरुण मंडळी एकत्र आली. बॉब कोस्टरचं 'जॅझ रेकॉर्ड मार्ट' हे दुकान म्हणजे त्यांचा अड्डा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकणारे जिम ओनील आणि एमी व्हॅन सिंगल, शिवाय ब्रूस इग्लॉअर, पॉल गॅरन आणि आणखी तिघं. भांडवल असं काही नव्हतंच. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी हाउलिन वुल्फला बसवलं, जो तेव्हा साठीला टेकलेला होता आणि अजून गात होता.

नावातला 'लिव्हिंग' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्लूज मेला, आता त्याचं संग्रहालय करा, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतंच. पण आपल्या भाषेत मी त्याचा अर्थ 'हयात' असा लावतो. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसा या नियतकालिकानं एकेका गायकाच्या हयातीचा दाखला काढून ठेवला.

त्यांची पद्धत साधी होती. माणसाला गाठायचं, त्याला बोलू द्यायचं आणि ते बोलणं होता होईल तो त्याच्याच भाषेत छापायचं. मुलाखत पानंच्या पानं चालते. जन्म कुठला, वडील काय करायचे, पहिली गिटार कुठून आली, कोणत्या गुत्त्यात कोणाबरोबर वाजवलं, रेकॉर्ड कोणी काढली, पैसे किती दिले आणि किती बुडवले. या मुलाखतींपैकी निवडक मुलाखती ओनील आणि व्हॅन सिंगल यांनी २००२ साली 'द व्हॉइस ऑफ द ब्लूज' या नावानं पुस्तकरूपात आणल्या. अंक मिळणं कठीण असलं तरी हे पुस्तक वाचनालयातून मागवता येतं आणि सुरुवात तिथून करावी, असं मी सुचवीन.

त्या पुस्तकातली माणसं पाहा. टॉमस डॉर्सी एके काळी 'जॉर्जिया टॉम' या नावानं उघडीवाघडी ब्लूज गाणी गायचा. १९३२ साली बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ मूल गेलं, आणि त्या दुःखातून त्यानं रचलेलं भजन अमेरिकेतल्या चर्चचर्चमधून गायलं गेलं. जिमी रीड दारूनं आणि फेफऱ्यानं इतका खचलेला, की गाण्याचे शब्द विसरायचा. मुद्रणाच्या वेळी त्याची बायको शेजारी उभी राहून पुढची ओळ कानात सांगायची. काही रेकॉर्ड्सवर तिचा आवाज ऐकूही येतो. आणि एडी बॉइड. वर्णद्वेषाला विटून हा माणूस अमेरिका सोडून युरोपात गेला, फिनलंडमध्ये हेलसिंकीला स्थायिक झाला आणि १९९४ साली तिथेच वारला. आपण या देशात काही मिळवायला आलो. याच देशातून एक गुणी माणूस काही तरी टाळण्यासाठी निघून गेला, आणि का गेला हे तो स्वतः सांगतो. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हा इतिहास मला जास्त शिकवून गेला.

या मुलाखतींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तारखा, कंपन्यांची नावं, कोणत्या रेकॉर्डवर ड्रमवर कोण होतं, यांचा इतका भडिमार असतो की मुलाखत न वाटता फौजदाराची चौकशी वाटते. आक्षेपात तथ्य आहे. काही पानं मी स्वतः चाळून पुढे गेलो आहे. तरीही या चौकशीच्या बाजूनं मी मत देईन. कारण या धंद्यात 'गाणं कोणाचं' हा प्रश्न थेट पैशाचा होता. विली डिक्सन या गीतकारानं १९८५ साली 'लेड झेपलिन' या बलाढ्य वाद्यवृंदावर दावा लावला. आपल्या गाण्यातले शब्द त्यांनी उचलले, असं त्याचं म्हणणं होतं. १९८७ साली तडजोड झाली. कोणी काय आणि कधी रचलं याची नोंद नसेल, तर असा म्हातारा माणूस कोर्टात कशाच्या जोरावर उभा राहणार? आपल्याकडे जुन्या तबकड्यांवर गायकाचं नाव ठळक असतं. साथीला तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हे क्वचितच छापलेलं असतं. तेव्हा कोणी फौजदारासारखं विचारलं असतं तर ती नावं आज आपल्यापाशी असती.

विचारलं नाही की काय होतं, याचं उदाहरण ब्लूजमध्येच आहे. रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याची अवघी २९ गाणी मुद्रित झाली, तीही १९३६ आणि १९३७ साली. मुलाखत एकही नाही. मग त्या रिकाम्या जागेत दंतकथा शिरली: चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्यानं गिटार मिळवली. आज लोकांना ही कथा माहीत असते, गाणी माहीत नसतात. तानसेनाच्या दिव्यांच्या बाबतीत आपली स्थिती याहून वेगळी नाही. दंतकथा गोड असते. पण तिच्यामुळे त्या माणसाची मेहनत, त्याचे गुरू आणि त्याचे सोबती सगळेच झाकले जातात.

आता वादाचा मुद्दा. 'लिव्हिंग ब्लूज'चं पहिल्यापासूनचं धोरण असं, की स्वतंत्र लेख आणि मुलाखती कृष्णवर्णीय कलावंतांच्याच. ब्लूज ही त्यांची परंपरा आहे. गोऱ्यांनी ती वाजवावी, पण त्यांच्यासाठी इतर पुष्कळ नियतकालिकं उघडी आहेत. या कुंपणावरून वाचकांत कडाक्याची भांडणं झाली. पॉल गॅरननं धोरणाची बाजू हिरिरीनं मांडली. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बारा बारचा साचा कोणालाही उचलता येतो, पण तो साचा ज्या जगण्यातून आला ते जगणं उचलता येत नाही. गंमत अशी, की हे ठरवणारी संस्थापक मंडळी सगळी गोरी होती.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं आपलं नाव इथल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. त्याच सुमारास दलित साहित्य कोणी लिहायचं, स्वानुभव आणि सहानुभूती यांत अंतर किती, यावर आपल्याकडे रणं माजली. दोन्हीकडे युक्तिवाद जवळजवळ सारखेच आहेत. कलेला जात नसते, वर्ण नसतो, असं म्हणणारे दोन्हीकडे होते, आणि ते बहुधा ज्यांना जातीचा वा वर्णाचा जाच झालेला नाही असेच होते.

माझं मत विचाराल तर कुंपण योग्य होतं. ज्या वेळी मोठमोठी मासिकं आणि कंपन्या गोऱ्या गिटारवाल्यांच्या मागे धावत होत्या, त्या वेळी एका लहानशा नियतकालिकानं आपली सगळी पानं दुसऱ्या बाजूला दिली, हा अन्याय म्हणता येणार नाही. पण कुंपणाची किंमत मोजावी लागली, हेही खरं. पॉल बटरफिल्ड या गोऱ्या हार्मोनिकावादकाच्या वाद्यवृंदात १९६५ साली ड्रम आणि बेसवर हाउलिन वुल्फकडे वाजवलेली कृष्णवर्णीय माणसं होती. हे मिश्रण कसं झालं, कोणाला काय मिळालं, ऐकणारे कसे बदलले, ही कहाणी ब्लूजचीच कहाणी आहे. ती कुंपणाच्या पलीकडून सांगता येते, अलीकडून अर्धीच दिसते.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. संस्थापकांपैकी इग्लॉअरनं १९७१ साली 'अ‍ॅलिगेटर' ही रेकॉर्ड कंपनी काढली. ओनील आणि व्हॅन सिंगल यांनी १९८० साली 'रूस्टर ब्लूज' काढली. ज्यांच्यावर कोणी रेकॉर्ड काढायला तयार नव्हतं त्यांच्या रेकॉर्ड्स या मंडळींनी काढल्या, हे त्यांचं उपकारक काम आहे. कोणी गैरफायदा घेतला असं मला मुळीच सुचवायचं नाही. पण लिहिणारा आणि विकणारा एकाच वर्तुळातला झाला की टीका मवाळ होते. लहान जगात हे अटळ असतं. आपल्या मंडळांत नाटक बसवणारा, त्यात काम करणारा आणि परीक्षण लिहिणारा एकमेकांच्या घरी जेवायला असतात. तेव्हा या दुखण्याची ओळख आपल्यालाही आहे.

तिसरी उणीव कानाची. इतक्या वर्षांच्या मुलाखतींत माणूस पुरेपूर भेटतो, पण सूर कमी भेटतो. वर ज्या गंधाराविषयी लिहिलं, तो मडी वॉटर्स कसा लावतो आणि हाउलिन वुल्फ कसा, यावर दोन पानं वाचायला मिळावीत अशी माझी इच्छा बहुधा अपुरी राहते. आपल्या जुन्या संगीतलेखकांपाशी हे बळ होतं. गोविंदराव टेंबे यांचं १९३९ सालचं 'माझा संगीत व्यासंग' वाचताना गाणं कानाशी येतं.

१९८३ साली मडी वॉटर्स गेला आणि त्याच वर्षी 'लिव्हिंग ब्लूज' शिकागो सोडून मिसिसिपी विद्यापीठाच्या आश्रयाला गेलं. हे तेच विद्यापीठ, जिथे १९६२ साली जेम्स मेरिडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश देताना दंगल उसळली, दोन माणसं मेली आणि केंद्र सरकारला सैन्य पाठवावं लागलं. त्यानंतर एकवीस वर्षांनी ब्लूजचं नियतकालिक तिथे राहायला गेलं, बी. बी. किंगनं आपला हजारो रेकॉर्ड्सचा संग्रहही याच विद्यापीठाला दिला. विद्यापीठाच्या छपराखाली गेलेलं नियतकालिक स्वतंत्र राहिलं का, असं कोणी विचारील. मला वाटतं, धोरण टिकलं, आणि पगाराची व अंक वेळेवर निघण्याची सोय झाली. मात्र साउथ साइडच्या गुत्त्यात रात्री गाणं ऐकायचं आणि सकाळी त्यावर लिहायचं, ही जवळीक साहजिकच दुरावली. ज्या लहान नियतकालिकांना छप्पर मिळत नाही ती संपादक थकला की बंद पडतात. हे लक्षात घेता सौदा वाईट झाला नाही.

त्या कामाचं फळ आज रस्त्यावर पाहायला मिळतं. २००६ पासून मिसिसिपी राज्यानं 'ब्लूज ट्रेल' या नावानं ठिकठिकाणी माहितीफलक उभारले. पहिला फलक चार्ली पॅटनचा, हॉली रिज गावी. आता त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. त्यांवरचा मजकूर प्रामुख्यानं जिम ओनील आणि 'लिव्हिंग ब्लूज'चे एक माजी संपादक स्कॉट बरेटा यांनी सिद्ध केला. मुलांना घेऊन दक्षिणेत गाडीनं जाणं झालं तर एखाद्या फलकाशी जरूर थांबा. विद्यार्थिदशेत टेपरेकॉर्डर खांद्याला लावून विचारलेले प्रश्न छत्तीस वर्षांनी रस्त्यावरच्या फलकावर आले आहेत.

आपल्याकडे असं काम झालंच नाही असं नाही. प्रा. बी. आर. देवधर यांनी 'संगीत कला विहार'चं संपादन केलं आणि 'थोर संगीतकार'मध्ये उस्तादांना हाडामांसाची माणसं म्हणून उभं केलं. अल्लादियाखाँसाहेबांनी आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितली, म्हणून १९४६ साली खाँसाहेब गेल्यावरही ती उरली. २००० साली ती इंग्रजीत पुस्तकरूपानं आली. नातवानं विचारलं आणि लिहून घेतलं, एवढीच गोष्ट. पण अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही बहुतेक ख्यालगायकांची. यमुनाबाई वाईकर २०१८ साली गेल्या, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. आपल्या अधिवेशनांत लावणीला टाळ्या पडतात. पण स्मरणिकेत लावणी गाणाऱ्या बाईची दहा पानी मुलाखत मी तरी अजून वाचलेली नाही. ढोलकीवाल्याची तर नाहीच.

आणि हे फक्त महाराष्ट्रातल्या कलावंतांपुरतं नाही. या देशात गेली पन्नास वर्षं लोकांच्या तळघरांतून बैठका झाल्या. कोणी तबला शिकवला, कोणी गणपतीच्या आरत्यांना पेटी धरली, कोणी पाहुण्या कलावंतांना विमानतळावरून आणून आठ आठ दिवस घरी ठेवून घेतलं. ती मंडळी आता सत्तरी-ऐंशीची आहेत. स्मरणिकेच्या संपादकांना माझी विनंती आहे, की पुढच्या अंकात गाण्यावरचे दोन लेख कमी घ्या आणि अशा एका माणसाची मुलाखत छापा. ध्वनिमुद्रणाची सोय आता प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. सुरुवात कशी करावी हे 'लिव्हिंग ब्लूज'नं दाखवलेलंच आहे: जन्म कुठला, पहिलं वाद्य कोणी घेऊन दिलं, आणि पहिल्या कार्यक्रमाचे पैसे किती मिळाले.